पहिल्या चार सामन्यांत क्वार्टरबॅक कळतो का?

"मामा, तुमचा तो आर्च मॅनिंग फुसका निघाला म्हणे?"

शनिवारची रात्र होती, ३० ऑगस्ट २०२५. इथे ऑस्टिनमध्ये आम्ही जेवायला बसत होतो, पुण्यात रविवारची सकाळ उजाडली होती, आणि भाच्याने मोबाइलवर दोन-तीन रील पाहून निकाल लावून टाकला होता. त्या दुपारी टेक्सस विद्यापीठाचा संघ ओहायो स्टेटकडून १४-७ असा हरला होता. या संघाचा क्वार्टरबॅक आर्च मॅनिंग याने ३० पास फेकले, त्यातले १७ पोचले, १७० यार्ड मिळाले. एक टचडाउन, एक इंटरसेप्शन. मोसम सुरू होण्याआधीच्या असोसिएटेड प्रेसच्या क्रमवारीत टेक्सस पहिल्या नंबरावर होतं, आणि तेही इतिहासात पहिल्यांदाच. हाइझमन करंडक म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान. त्याच्या दावेदारांत मॅनिंगचं नाव सगळ्यात पुढे होतं. आणि पहिल्याच सामन्यात हे असं.

फोनवर मी काहीतरी पुटपुटलो आणि विषय बदलला. पण तो प्रश्न डोक्यातून गेला नाही, कारण तो फक्त भाच्याचा नव्हता. पुढचा महिनाभर इथला प्रत्येक टीव्ही, प्रत्येक ऑफिस, मुलांच्या शाळेबाहेर गाडीत थांबलेला प्रत्येक बाप हेच विचारत होता. एकवीस वर्षांचा एक मुलगा, हातात मोजके सामने, आणि त्यावरून त्याचं काय होणार हे ठरवायचं. हे ठरवणं इतकं अवघड का आहे आणि तरीही त्यातून काहीतरी कसं कळू शकतं, ते सांगायचा हा प्रयत्न आहे.

खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हे पायाने खेळायचं फुटबॉल नव्हे. इथे चेंडू हातात घेऊन पळतात किंवा हाताने फेकतात. आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत मिळून दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. सरकले की पुन्हा चार प्रयत्न. एकेका प्रयत्नाला डाउन म्हणतात. मैदान शंभर यार्डांचं, पलीकडच्या टोकाला चेंडू पोचला की टचडाउन, सहा गुण. जवळजवळ प्रत्येक डाउनला चेंडू आधी ज्याच्या हातात येतो तो क्वार्टरबॅक. त्याने फेकलेला चेंडू आपल्या माणसाऐवजी प्रतिस्पर्ध्याने झेलला तर ते इंटरसेप्शन. फेकण्याआधीच त्याला धरून पाडलं तर सॅक, म्हणजे होते तेही यार्ड गेले. एवढं पुरे.

तीन सेकंदांत काय काय होतं

टीव्हीवर कॅमेरा चेंडूमागे धावतो, त्यामुळे क्वार्टरबॅकचं खरं काम दिसतच नाही. ते पाहायचं असेल तर स्टेडियमच्या सगळ्यात वरच्या, सगळ्यात स्वस्त रांगेत बसावं. ऑस्टिनच्या स्टेडियममध्ये एक लाख माणसं बसतात. वरून माणसं मुंगीएवढी दिसतात, पण बावीसच्या बावीस दिसतात. मी तिथे दुर्बीण घेऊन बसतो आणि चेंडू फेकला गेला की तो कुठे गेला ते बघतच नाही. मी क्वार्टरबॅकचे पाय बघतो.

चेंडू हातात येण्याआधीच त्याचं काम सुरू झालेलं असतं. समोरच्या बचावात सगळ्यात मागे उभे असतात त्यांना सेफ्टी म्हणतात. ते दोघं मागे आहेत की एकच आहे, यावरून मैदानाचा कुठला भाग मोकळा पडणार याचा अंदाज येतो. पण चांगले प्रशिक्षक हा अंदाज मुद्दाम चुकवतात. दोघं मागे उभे करतात, आणि चेंडू हलला की त्यातला एक धावत पुढे येतो. म्हणजे मुलाने आठवडाभर पाठ केलेलं चित्र त्याच्या डोळ्यांसमोर बदलतं. त्याला ते ओळखायला फार तर एक सेकंद मिळतो.

मग तो मागे सरकतो. पहिला रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा आपला माणूस, मोकळा आहे का? नाही. दुसरा? याला रीड म्हणतात. प्रत्येक रीडबरोबर त्याचे पाय त्या दिशेला वळले पाहिजेत, कारण फेकीची ताकद दंडातून कमी आणि कमरेतून जास्त येते. चेंडू फेकायचा तो रिसीव्हर जिथे आहे तिथे नाही, जिथे पोचणार आहे तिथे. म्हणजे रिकाम्या गवतावर. आणि हे सगळं चालू असताना सव्वाशे-दीडशे किलोची चार माणसं त्याला पाडायला धावत असतात. चेंडू हातात आल्यापासून साधारण अडीच ते तीन सेकंदांत सगळं संपतं.

आता यातली एक कडी निखळली की काय होतं बघा. मुलगा घाबरला, वजन मागच्या पायावर गेलं, फेक उंच गेली, रिसीव्हरच्या बोटांना लागून उडाली आणि बचावपटूच्या हातात पडली. आकड्यांत लिहिलं जातं: एक इंटरसेप्शन. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मैदानावर तीच घाबरलेली फेक, तोच मागचा पाय, पण चेंडू बचावपटूच्या हातातून सुटतो आणि जमिनीवर पडतो. लिहिलं जातं: एक अपूर्ण पास. चूक दोन्हीकडे तीच होती. फरक पडला तो बचावपटूच्या पकडीत. पहिल्या काही सामन्यांचे आकडे अशा पकडींनी भरलेले असतात.

तीस फेकी म्हणजे किती

इथे थोडं गणित लागतं, पण ते सोपं आहे. समजा एखादा क्वार्टरबॅक मुळात शंभरातले साठ पास पोचवणारा आहे. त्याची पात्रता आज आणि पुढच्या आठवड्यात अगदी तीच. एका सामन्यात तो ३० फेकी करतो, म्हणजे सरासरीने १८ पोचायला हव्यात. पण नुसत्या योगायोगामुळे पाचातल्या साधारण चार सामन्यांत हा आकडा १५ ते २१ च्या मध्ये कुठेही पडेल, आणि उरलेल्या एका सामन्यात त्याच्याही बाहेर. १५ म्हणजे ५० टक्के, २१ म्हणजे ७० टक्के. ५० टक्क्यांच्या मुलाला रेडिओवर लोक घरी बसवतात, ७० टक्क्यांच्याला डोक्यावर घेतात. मुलगा तोच आहे.

मोसमभरात साडेतीनशे फेकी झाल्या की हा हेलकावा बराच आवरतो, दोन-तीन टक्क्यांवर येतो. म्हणून मोसमाच्या टक्केवारीला थोडा अर्थ आहे. एका सामन्याच्या टक्केवारीला जवळपास नाही. इंटरसेप्शनचं तर आणखी अवघड, कारण ती मुळातच मोजकी असतात. मोसमात पाच आणि मोसमात नऊ यांतला फरक चार चेंडूंचा असतो, आणि चार चेंडू कुणाच्या बोटांना लागून कुठे उडाले यावर तो सहज पडू शकतो.

सगळं एका आकड्यात बसवायचा प्रयत्नही झालेला आहे. अमेरिकन कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएए, तिचं पासर रेटिंग असं काढतात: यार्डांना ८.४ ने गुणा, टचडाउनला ३३० ने, पोचलेल्या पासांना १०० ने, सगळ्याची बेरीज करा, त्यातून प्रत्येक इंटरसेप्शनमागे २०० वजा करा, आणि एकूण फेकींनी भागा. कागद-पेन्सिल घेऊन हे मी मॅनिंगच्या ऑक्टोबरमधल्या दोन सामन्यांसाठी केलं, आणि उत्तर बघून पुन्हा केलं.

पहिला सामना ४ ऑक्टोबरचा, फ्लोरिडाच्या मैदानावर. टेक्सस २९-२१ हरलं. मॅनिंग: २९ पैकी १६ पास, २६३ यार्ड, दोन टचडाउन, दोन इंटरसेप्शन, सहा वेळा सॅक. दुसरा बरोबर आठवड्यानंतर, ११ ऑक्टोबरला डॅलसमध्ये, ओक्लाहोमा या जुन्या वैऱ्याविरुद्ध. टेक्सस २३-६ जिंकलं. मॅनिंग: २७ पैकी २१ पास, १६६ यार्ड, एक टचडाउन, इंटरसेप्शन एकही नाही. पहिल्या सामन्यानंतर तो संपला असं लिहिलं गेलं, दुसऱ्यानंतर तो आला असं. रेटिंग निघतं पहिल्याचं १४०.३ आणि दुसऱ्याचं १४१.६.

म्हणजे सूत्राच्या नजरेत दोन्ही दुपारी सारख्याच. सूत्र चुकलेलं नाही. ते जे मोजतं ते बरोबर मोजतं. फ्लोरिडात त्याच्या प्रत्येक फेकीमागे नऊ यार्ड मिळाले, ओक्लाहोमाविरुद्ध फक्त सहा. पण सॅक त्या सूत्रात नाहीतच. चेंडू किती वेळ हातात धरला ते नाही. तिसऱ्या डाउनला आठ यार्ड हवे असताना सहा यार्डांचा पास पोचवला तर सूत्र गुण देतं, आणि संघाला मात्र चौथ्या डाउनला बहुधा लाथ मारून चेंडू सोडावा लागतो. रिसीव्हरने जागच्या जागी झेललेला पास घेऊन साठ यार्ड पळ काढला तर ते साठही क्वार्टरबॅकच्या खात्यात जातात.

म्हणून आजचे विश्लेषक प्रत्येक डाउनची वेगळी किंमत काढतात. कितवा डाउन, किती यार्ड हवे, मैदानावर कुठे, या सगळ्यावरून त्या क्षणी संघाला किती गुणांची अपेक्षा होती आणि डाउन संपल्यावर ती किती झाली, हा फरक. हे जास्त प्रामाणिक मोजमाप आहे. पण त्यालाही मागचा पाय दिसत नाही.

त्याच्या पुढे कोण उभं होतं

मला वाटतं सगळ्यात जास्त अन्याय इथे होतो. क्वार्टरबॅकच्या पुढे पाच धिप्पाड माणसांची भिंत असते, तिला ऑफेन्सिव्ह लाइन म्हणतात. ती त्याला ते तीन सेकंद मिळवून देते. टेक्ससच्या २०२४ च्या भिंतीतले पाचपैकी चार जण २०२५ मध्ये नव्हते. त्यातला केल्विन बँक्स हा व्यावसायिक लीगच्या म्हणजे एनएफएलच्या निवडीत नवव्या क्रमांकावर गेला, न्यू ऑर्लिन्सकडे. मॅथ्यू गोल्डन हा सगळ्यात वेगवान रिसीव्हर पहिल्याच फेरीत ग्रीन बेने उचलला. टाइट एंड, म्हणजे अडवणं आणि झेलणं दोन्ही करणारा, गनर हेल्म, अडचणीत हमखास सापडणारा माणूस, तोही गेला. म्हणजे मॅनिंग नवा होता आणि त्याच्या भोवतीचे निम्मे नवे होते. तीन सेकंदांऐवजी दोनच मिळाले तर मुलगा चेंडू घाईत फेकणार, आणि मग चार आठवड्यांनी भिंत सुधारली तरी ती घाई अंगात मुरलेली असणार.

समोर कोण होतं, हेही तितकंच. ओहायो स्टेटचा संघ त्याआधीच्या मोसमाचा राष्ट्रीय विजेता होता. कोलंबसच्या त्या मैदानावर एक लाखाहून अधिक प्रेक्षक ओरडत होते. तिसऱ्या क्वार्टरमध्ये, म्हणजे सामन्याच्या चार भागांपैकी तिसऱ्यात, टेक्सस गोलरेषेपासून यार्डभरावर होतं, चौथा डाउन होता, मॅनिंग स्वतः चेंडू घेऊन घुसला आणि तिथेच अडवला गेला. एक यार्ड. तो मिळाला असता तर भाच्याचा फोन कदाचित वेगळा आला असता. त्याच्या पासांचे बहुतेक यार्ड चौथ्या क्वार्टरमध्ये आले, तोवर आक्रमण जवळपास ठप्पच होतं. खेळ वाईट होता, हे मी नाकारत नाही. मीही टीव्हीसमोर हात चोळत बसलो होतो.

पण नंतरचं बघा. त्याच ओहायो स्टेटने नियमित मोसमात बारा सामन्यांत बारा प्रतिस्पर्ध्यांपैकी कुणालाही १६ पेक्षा जास्त गुण करू दिले नाहीत. बाराच्या बारा. ऑगस्टच्या अखेरीस हे कुणालाच माहीत नव्हतं. तेव्हा ७ गुण म्हणजे मॅनिंगची नामुष्की वाटली. डिसेंबरात मागे वळून पाहिलं तर तो त्या बचावफळीचा नेहमीचा रिवाज निघाला.

उलटंही होतं. २० सप्टेंबरला सॅम ह्यूस्टन स्टेट या खूपच दुबळ्या संघाविरुद्ध टेक्ससने ५५-० असा विजय मिळवला. मॅनिंग: २१ पैकी १८ पास, ३०९ यार्ड, पासने तीन टचडाउन आणि धावत जाऊन आणखी दोन. पाहताना मजा आली, पण त्यातून काही कळलं असं मला वाटत नाही. त्याच्या आदल्या आठवड्यात तसल्याच सोप्या सामन्यात, टेक्सस-एल पासोविरुद्ध, त्याचे २५ पैकी ११ च पास पोचले होते आणि घरच्या मैदानावर आपल्याच लोकांनी त्याची हुर्यो उडवली होती. मला त्यातून जास्त कळलं. तिथे भिंत पुरेशी होती, वेळ होता, रिसीव्हर मोकळे होते, आणि तरी चेंडू खाली आपटत होता किंवा बाजूला जात होता. पाय आणि कंबर जुळत नव्हती. तो हात बाजूने खाली आणून फेकत होता. ही उणीव त्याची स्वतःची होती. भिंतीवर किंवा ओहायो स्टेटवर ती ढकलता येत नाही.

दोन जुन्या गोष्टी

२०२० साली क्लेम्सन विद्यापीठाचा मुख्य क्वार्टरबॅक ट्रेव्हर लॉरेन्स कोविडमुळे दोन सामन्यांना मुकला. पहिल्या वर्षाच्या डी. जे. उइआंगालेलेला उतरवलं. नोत्र दामच्या मैदानावर त्याने ४३९ यार्ड पास फेकले. त्या मैदानावर पाहुण्या संघाच्या कुणाही क्वार्टरबॅकने त्याआधी तेवढे फेकले नव्हते. क्लेम्सन दोन जादा डावांनंतर ४७-४० हरलं, पण सगळे म्हणाले, पुढची तीन वर्षं याचीच. पुढच्या मोसमात तोच मुलगा पूर्णवेळ उतरला: ९ टचडाउन, १० इंटरसेप्शन, ५५-५६ टक्क्यांच्या आसपास अचूकता. नंतर तो ओरेगॉन स्टेटला गेला, मग फ्लोरिडा स्टेटला. २०२५ च्या एनएफएल निवडीत त्याचं नाव कुणी पुकारलं नाही.

२०२० मध्ये त्याने जे फेकलं ते खोटं नव्हतं. पण त्या दोन सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांकडे त्याच्या खेळाची चित्रफीतच नव्हती. त्याला काय आवडतं, दडपणाखाली तो कुठे बघतो, कुठली फेक त्याला जमत नाही, हे माहीत नव्हतं. वर्षभरात बारा प्रशिक्षकांनी त्याची प्रत्येक फेक शंभरदा पाहिली. हे प्रत्येक तरुण क्वार्टरबॅकच्या बाबतीत होतं. पहिले तीन-चार सामने तो अनोळखी असतो. खरी परीक्षा, समोरच्यांनी त्याला ओळखल्यावर सुरू होते. क्रिकेट पाहणाऱ्याला हे सांगायची गरज नाही. पहिल्या मालिकेत गाजलेल्या फलंदाजाला दुसऱ्या मालिकेत नेमका कुठे चेंडू पडतो ते आपण सगळ्यांनीच पाहिलंय.

दुसरी गोष्ट उलटी. जो बरो हा मुलगा ओहायो स्टेटमध्ये राखीव म्हणून बसून बसून कंटाळला आणि २०१८ मध्ये लुइझियाना स्टेटला गेला. तिथला पहिला मोसम: ३७९ पैकी २१९ पास, ५७.८ टक्के, १६ टचडाउन, ५ इंटरसेप्शन. बरा, कामचलाऊ. वय बावीस. त्या मोसमाअखेर त्याला एनएफएलमधला मोठा खेळाडू कुणी म्हणालं असतं तर लोक हसले असते. २०१९: ५२७ पैकी ४०२ पास, ७६.३ टक्के, ५,६७१ यार्ड, ६० टचडाउन, फक्त ६ इंटरसेप्शन. संघाने १५ पैकी १५ सामने जिंकले, राष्ट्रीय विजेतेपद, हाइझमन, आणि एप्रिल २०२० मध्ये एनएफएलच्या निवडीत पहिला क्रमांक.

मधल्या काळात काय घडलं? न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडून जो ब्रेडी नावाचा तरुण प्रशिक्षक आला आणि पासिंगची पद्धतच बदलली. जस्टिन जेफरसन आणि जमार चेस हे रिसीव्हर एका वर्षाने मोठे झाले. पण २०१८ च्या त्या साध्या मोसमात एक गोष्ट होती, ती शोधली असती तर सापडली असती. बरो मार खाऊन उठत होता आणि पुढच्या डाउनला डोळे पुन्हा मैदानावरच ठेवत होता, धावून येणाऱ्यांकडे नाही. पाच इंटरसेप्शन हा आकडा त्याची एक अंधुक सावली होता.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्यावर मला एकच पटतं: सुरुवातीचा निकाल बाजूला ठेवावा आणि चूक कुठल्या जातीची आहे ते बघावं. मेहनतीने सुधारते अशी, की मैदान मुळातच न दिसण्याची?

मग मी काय बघतो

पायांचं सांगितलंच. फेकीचा कोन, उभं राहण्याची पद्धत, घाईत मागे झुकणं, या गोष्टी उन्हाळ्यात हजार फेकी करून बदलता येतात. त्या वाईट दिसतात पण घातक नसतात. जोश ॲलन वायोमिंग विद्यापीठात असताना ५६ टक्के अचूकतेच्या आसपासच अडकला होता, बफेलोकडून एनएफएलमधल्या पहिल्या मोसमात तर ५२.८ टक्क्यांवर होता; तिसऱ्या मोसमात ६९.२ वर गेला आणि २०२४ च्या मोसमात सर्वोत्तम खेळाडू ठरला. एवढी मोठी झेप विरळाच, पण ती होऊ शकते हे आता कुणाला नाकारता येत नाही.

दुसरं, पहिला रिसीव्हर बंद असेल तेव्हा त्याचं डोकं हलतं का. वरच्या रांगेतून हे स्पष्ट दिसतं. शिरस्त्राण डावीकडून मधे आलं, मधून उजवीकडे गेलं, तर तो वाचतोय. एकाच दिशेला खिळून राहिलं आणि मग तो एकदम पळत सुटला, तर अजून वाचत नाही. हे शिकायला वेळ लागतो, आणि काहींना ते येतच नाही.

तिसरं, सॅक. लोक सॅकचा दोष भिंतीला देतात आणि बऱ्याचदा तो बरोबर असतो. पण दडपण आल्यावर त्याचं सॅकमध्ये रूपांतर होऊ द्यायचं की चेंडू बाहेर भिरकावून पुढच्या डाउनची वाट बघायची, हा निर्णय क्वार्टरबॅकचा असतो. फ्लोरिडात सहा वेळा पडला त्यातला निम्मा हिशोब तरी माझ्या मते मॅनिंगच्या नावावर जातो; त्याने चेंडू फार वेळ धरला. पुढच्या आठवड्यात ओक्लाहोमाविरुद्ध मध्यंतराला टेक्सस मागे होतं, आणि तरी त्याने नसती साहसं केली नाहीत. छोटे पास, लवकर सोडलेला चेंडू, तिसऱ्या क्वार्टरमध्ये डीआंद्रे मूरला टचडाउन. सहा यार्डांची सरासरी पाहून नाक मुरडणारे होते. मला ती दुपार मोसमातली सगळ्यात आश्वासक वाटली, कारण आठ दिवसांपूर्वीची चूक त्याने पुन्हा केली नव्हती.

आणि चौथं, वाईट डाउननंतरचा डाउन. याला आकडा नाही.

पण सुधारणा पायरी-पायरीने येईल अशी आशा धरू नये. ओक्लाहोमानंतरच्या आठवड्यात केंटकीविरुद्ध त्याचे २७ पैकी १२ पास पोचले, संघ जादा डावात कसाबसा १६-१३ जिंकला. त्याच्या पुढच्या शनिवारी मिसिसिपी स्टेटविरुद्ध चौथ्या क्वार्टरमध्ये टेक्सस १७ गुणांनी मागे होतं; त्याने सामन्यात ३४६ यार्ड फेकले, संघाने बरोबरी साधली आणि जादा डावात तो डोक्याला मार लागून बाहेर गेला, शेवटचा पास राखीव खेळाडूने फेकला. आठवड्याने परतला आणि व्हँडरबिल्टविरुद्ध ३३ पैकी २५, ३२८ यार्ड. मग जॉर्जियाने ३५-१० असं धुतलं. असा वर-खाली जाणारा आलेख पाहून लोकांना वाटतं मुलगा बेभरवशाचा आहे. एकवीसाव्या वर्षी शिकणं दिसतंच असं.

आडनावाचं ओझं

आर्चच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे आणि तिने सगळा विचार गढूळ होतो. त्याचे आजोबा आर्ची एनएफएलचे क्वार्टरबॅक होते. काका पेटन आणि काका एली, दोघांनीही सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, दोन-दोनदा जिंकलेला. वडील कूपर रिसीव्हर होते, मणक्याच्या आजाराने त्यांचा खेळ कॉलेजच्या उंबरठ्यावरच थांबला. त्यामुळे आर्चची तुलना एकवीस वर्षांच्या इतर मुलांशी होतच नाही, छत्तिसाव्या वर्षीच्या पेटनशी होते.

त्याच पेटनची सुरुवात आठवून बघा. १९९४ मध्ये टेनेसीत त्याच्या पुढचे दोघे एकामागोमाग जखमी झाले म्हणून त्याला संधी मिळाली. एनएफएलमधल्या पहिल्या मोसमात, १९९८ साली, त्याने २८ इंटरसेप्शन फेकली. पहिल्या मोसमातल्या क्वार्टरबॅकसाठी तो विक्रम आहे, आणि संघ १६ पैकी तीनच सामने जिंकला. तेव्हा रील असते तर काय झालं असतं याचा विचार करून माझ्या अंगावर काटा येतो.

आता तर थांबायला कुणाला वेळच नाही. २०२१ पासून कॉलेजचे खेळाडू जाहिरातीतून कमावू शकतात आणि एका कॉलेजातून दुसऱ्यात जाऊन लगेच खेळू शकतात. जुलै २०२५ पासून विद्यापीठं स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ लागली. मुलाला वाटलं आपली कदर नाही, तो गेला. प्रशिक्षकाला वाटलं मुलगा चालत नाही, त्याने तयार माणूस बाहेरून आणला. आर्च मात्र क्विन युअर्सच्या मागे दोन मोसम राखीव बसला, कुठे गेला नाही. आजच्या काळात एवढ्या गाजलेल्या मुलाने असं बसणं फार क्वचित दिसतं, आणि त्याच्या स्वभावाबद्दल मला जे काही कळलंय त्यात ही गोष्ट मी सगळ्यात वर ठेवतो.

नियमित मोसमाच्या शेवटच्या दोन सामन्यांत दोन वेगळी माणसं खेळल्यासारखं वाटलं. २२ नोव्हेंबरला आर्कान्सॉविरुद्ध ३८९ यार्ड, पासने चार टचडाउन, एक धावून, आणि एक चक्क दुसऱ्याने फेकलेला चेंडू झेलून. सहा दिवसांनी, ऑस्टिनमध्ये, तोवर अजिंक्य असलेल्या टेक्सस ए अँड एमविरुद्ध २९ पैकी १४ च पास पोचले. निम्मेही नाहीत. त्या रात्री चौथ्या क्वार्टरमध्ये त्याने मागे सरकून आधी एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे, कुणी मोकळं नव्हतं, मधे फट दिसली आणि तो ३५ यार्ड पळून टचडाउन करून आला. डोकं दोनदा हललं होतं. टेक्सस २७-१७ जिंकलं.

भाच्याने तो ३५ यार्डांचा रील पाहिला आणि मेसेज केला, "मामा, हा तर भारीच आहे." मी त्याला इतकंच लिहिलं की पळण्याच्या आधीचे दोन सेकंद पुन्हा बघ.

सप्टेंबर २०२६ मध्ये ओहायो स्टेट ऑस्टिनला येणार आहे. पुन्हा तेच दोन सेफ्टी मागे उभे राहतील, चेंडू हलला की त्यातला एक धावत पुढे येईल. वर्षापूर्वी ते चित्र बदललं तेव्हा त्याचे पाय जागच्या जागी अडखळले होते. मी वरच्या रांगेत दुर्बीण घेऊन बसलेलो असेन, आणि पुण्यात भाचा रात्र जागवायची म्हणतोय.